उरलजवळ वारा अडला, तर तासगावच्या बागेला काय?

डिसेंबर लागला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात थंडीबद्दल दोन प्रश्न विचारले जातात. किती पडणार, हा पहिला. किती दिवस टिकणार, हा दुसरा, आणि बागायतदाराला तोच जास्त महागात पडतो. पारा एखाद्या रात्री आठ अंशांवर गेला आणि लगेच बारावर आला, तर वेल ते सोसते. तोच पारा आठवडाभर दहाच्या आत राहिला, तर मुळं मंदावतात आणि मण्याची फुगवण रेंगाळते. बाग पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरण्याच्या, अवस्थेत असेल, तर दिवसाचं कडक ऊन आणि रात्रीचा कडाका यांतल्या तफावतीनं हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते. या 'पिंक बेरी'पायी निर्यातीचा माल देशी बाजारात जातो. म्हणून तर घडाघडाला कागद बांधण्याचा खर्च लोक करतात. बांधापलीकडच्या शाळू-हरभऱ्याला मात्र तीच थंडी हवी असते. एकाच सातबाऱ्यावर दोन पिकं आणि दोघांचं मागणं उलटं.

'किती दिवस' या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की माणूस हळूहळू उत्तरेला सरकत जातो. नाशिक, राजस्थान, काश्मीर करत शेवटी सांगलीपासून सुमारे ५,००० किलोमीटरवरच्या, रशियातल्या उरल पर्वतापर्यंत, कधीकधी त्याही पलीकडे ग्रीनलंडपर्यंत पोचतो. तिथं आकाशात उंचावर वारा अडतो. हवामानशास्त्रात याला 'ब्लॉकिंग' म्हणतात. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंदाजांतही हा शब्द दिसतो, बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी.

आधी वारा कुठला ते पाहू. विषुववृत्ताकडे हवा तापलेली, ध्रुवाकडे गारठलेली, आणि खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे. या तिन्हींमुळे साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्यच उगवत नाही, तापमानातली तफावत वाढते आणि पट्टे जोर धरतात. एक पट्टा युरोप-रशियाच्या अंगानं जातो. दुसरा, उपोष्ण जेट, हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला उतरतो आणि थेट उत्तर भारताच्या डोक्यावरून वाहतो.

हे पट्टे सरळ रेषेत कधीच नसतात. ते नागमोडी जातात. कुठे उत्तरेकडे फुगवटा, कुठे दक्षिणेकडे द्रोणी. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या स्वीडिश-अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये या लाटांचं गणित मांडलं, म्हणून त्या रॉस्बी लाटा. फुगवट्याखाली हवा निवळ, द्रोणीच्या पुढच्या अंगाला ढग आणि पाऊस. एरवी या लाटा पूर्वेकडे सरकत राहतात आणि खालचं हवामान दर तीन-चार दिवसांनी पालटतं. युरोपातला माणूस छत्री आणि गॉगल दोन्ही घेऊन निघतो तो यामुळेच.

कधीकधी मात्र एखादा फुगवटा इतका वाढतो की मूळ प्रवाहापासून जवळजवळ तुटतो आणि जास्त दाबाची एक मोठी, गोल फिरणारी राशी होऊन तिथंच ठाण मांडतो. पश्चिमेकडून आलेला वारा तिच्यापाशी दुभंगतो, एक फाटा उत्तरेनं आणि एक दक्षिणेनं. डॅनियल रेक्स यांनी १९५० मध्ये याची पहिली नेटकी व्याख्या केली. वारा दोन शाखांत फुटलेला असावा आणि हे चित्र किमान दहा दिवस टिकावं, असा त्यांचा दंडक होता. आज बरेच अभ्यासक पाच दिवसांवर समाधान मानतात. नकाशावर उत्तरेला जास्त दाब आणि बरोबर त्याच्या दक्षिणेला कमी दाब अशी मांडणी असेल तर तिला रेक्स ब्लॉक म्हणतात. मधे जास्त दाब आणि दोन्ही कुशींना कमी दाब असेल, तर नकाशावर Ω हे ग्रीक अक्षर उमटतं, म्हणून तो ओमेगा ब्लॉक.

हे ओळखायची रीतही सोपी आहे. साडेपाच किलोमीटरच्या आसपास एक पातळी अशी असते, जिथं हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या निम्मा भरतो. थंड हवा आकसलेली असल्यामुळे उत्तरेला जावं तशी ही पातळी खाली उतरत जाते. नकाशावर एखाद्या भागात ती उत्तरेला उलट चढताना दिसली आणि काही दिवस तशीच राहिली, की तिथं ब्लॉक आहे असं समजायचं.

वारा अडतो कशानं, हे कोडं मात्र बरीच दशकं सुटलं नव्हतं. आकाशात आडवं पडायला काही नसतं. २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठातले नोबोरू नाकामुरा आणि क्लेअर हुआंग यांनी एक उत्तर दिलं, ते पुणे-सातारा रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला लगेच पटेल. सलग सुट्ट्यांच्या पहिल्या सकाळी खंबाटकी घाटात काय होतं आठवा. अपघात झालेला नसतो, कुणी ट्रक आडवा घातलेला नसतो. चढावर रस्त्याची एक क्षमता असते आणि मागून त्यापेक्षा जास्त गाड्या येतात. वेग कमी होतो, म्हणून तासाला पार होणाऱ्या गाड्या आणखी घटतात, म्हणून वेग आणखी कमी होतो आणि रांग खंडाळ्यापर्यंत जाते. जेट प्रवाहाचीही लाटा वाहून नेण्याची अशीच क्षमता असते. पर्वतरांगा आणि समुद्र-जमिनीतल्या तापमानाच्या फरकामुळे काही ठिकाणी प्रवाह मुळातच मंद असतो. तिथं लाटांची गर्दी झाली की कोंडी होते. या दोघांचं म्हणणं असं की वाहतूक कोंडीचं गणित आणि ब्लॉकचं गणित जवळजवळ एकाच साच्याचं निघतं. त्यामुळे ब्लॉक कुठेही न होता ठरावीक जागीच का वारंवार होतात, याचाही उलगडा होतो: पूर्व अटलांटिक आणि युरोप, ग्रीनलंड, उरल, उत्तर प्रशांत महासागर.

कोंडी झाली की हवामान जागच्या जागी अडकतं. ज्याच्या वाट्याला ऊन आलं त्याला ऊनच, ज्याला बर्फ त्याला बर्फच. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड ठरला, तो अशाच अडकलेल्या दाबामुळे. २०१० चा डिसेंबरही ब्रिटननं ग्रीनलंडच्या ब्लॉकपायी असाच कुडकुडत काढला. २००८ च्या जानेवारीत उरल आणि पश्चिम सायबेरियाकडे ब्लॉक बसला आणि दक्षिण चीनमध्ये आठवडेच्या आठवडे हिमवर्षाव आणि गोठता पाऊस झाला. विजेचे मनोरे बर्फाच्या भारानं कोसळले आणि चिनी नववर्षाला गावी निघालेली लाखो माणसं स्थानकांवर अडकली.

इथं एक गोष्ट नेहमी उलटी समजली जाते. ब्लॉक म्हणजे थंडीचा गोळा नव्हे. उंचावर ती राशी उबदार हवेचीच असते, कारण दक्षिणेची हवा वर चढूनच ती बनते. थंडी असते तिच्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या कडेला, जिथून ध्रुवाकडची हवा खाली ओढली जाते. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर लंडन-पॅरिस गारठले होते, तेव्हा ग्रीनलंडच्या उत्तर टोकावर, सूर्य उगवत नाही अशा दिवसांत, पारा शून्याच्या वर गेला होता. हवा तीच, जागांची फक्त अदलाबदल.

आता आपल्याकडे येऊ. उरलजवळ ब्लॉक बसला की त्याच्या पूर्वेला सायबेरियात थंड हवा साचते. ती तिथून थेट महाराष्ट्रात येते, असं वाक्य दर हिवाळ्यात कुठेतरी छापून येतंच. ते खरं नाही. मधे हिमालय आहे आणि त्यामागे तिबेटचं पठार. जमिनीलगतची ती जड थंड हवा एवढी उंची ओलांडू शकत नाही. ती वळसा घेऊन चीन, कोरिया, जपानकडे जाते. भारतात थंडी शिरते वायव्येकडून, इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूनं. आणि तिला आत घेऊन येतात पश्चिमी विक्षोभ.

पश्चिमी विक्षोभ म्हणजे उपोष्ण जेटच्या पट्ट्यातून भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या दिशेनं येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ, पंजाब-हरियाणात गव्हाला पाऊस, हे यांचंच देणं. प्रणाली येत असताना तिच्यापुढे दक्षिणेची हवा ओढली जाते, ढग येतात आणि रात्र ऊबदार होते. ती पुढे सरकली की आकाश निवळतं, मागून कोरडा उत्तरेचा-वायव्येचा वारा सुटतो आणि पारा उतरतो. म्हणजे आपल्याकडची थंडी मिळते ती विक्षोभाच्या पाठीमागे. दोन विक्षोभांत चार दिवसांचं अंतर असेल तर थंडी चार दिवसांची. अंतर वाढलं तर थंडी लांबते. आणि हे अंतर ठरवण्यात वरच्या अंगाला कोंडी आहे की नाही, याचा मोठा हात असतो. भारतातल्या थंडीच्या लाटांच्या काही अभ्यासांत वायव्येला जास्त दाबाची अशीच रेंगाळलेली राशी सापडली आहे. ती हलत नाही तोवर तिच्या पूर्व कडेनं थंड हवा उत्तर भारतात उतरत राहते. ला निनाच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा गार असतानाच्या, हिवाळ्यात अशा लाटांना पोषक स्थिती जास्त वेळा बनते, असंही अभ्यासक सांगतात.

पण म्हणून 'ब्लॉक आला की थंडी आली' असं सूत्र बांधू नये. जानेवारी २०२४ आठवा. विक्षोभ जवळजवळ फिरकलेच नाहीत. गुलमर्गचे उतार महिन्याच्या मध्यापर्यंत बोडके होते आणि पर्यटक मातीवर उभे राहून फोटो काढत होते. उत्तरेच्या मैदानात मात्र धुकं हटेना, त्यामुळे दिवस कमालीचे थंड गेले. बर्फ नाही आणि तरी दिल्ली गारठलेली. हवामान खात्यानं त्या वेळी विक्षोभांच्या अभावासोबतच उत्तर भारतावरच्या अतिवेगवान जेटकडेही बोट दाखवलं होतं, ताशी २५० किलोमीटरच्याही वर.

आणखी एक गुंता सांगतो, कारण अर्धवट माहिती असलेली माणसं नेमकी इथंच घसरतात. ग्रीनलंडवर ब्लॉक बसला की अटलांटिकची वादळं दक्षिणेला ढकलली जातात आणि भूमध्य समुद्राच्या भागात पाऊस वाढतो. मग तिकडूनच येणारे विक्षोभही आपल्याकडे वाढायला हवेत ना? तर्क बिनचूक दिसतो. पण अभ्यास सांगतात, उत्तर अटलांटिकमध्ये याच्या उलट स्थिती असते, म्हणजे ग्रीनलंडजवळ ब्लॉक नसतो आणि वारा सरळ, जोरकस असतो, तेव्हा मध्यपूर्वेवरचा जेट बळावतो आणि उत्तर भारतावरचे विक्षोभ वाढतात. वादळ कुठे जन्मलं यापेक्षा ते वाहून आणणारा पट्टा किती सशक्त आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. या विषयात नकाशावर बोट ठेवून मारलेली सरळ रेघ फार क्वचित खरी निघते.

समजा सगळं जुळलं आणि वायव्येचा वारा सुटला. तो राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश करत खानदेशात उतरतो. जळगाव, निफाडचा पारा आधी पडतो. मग पुणे, मग सातारा आणि सगळ्यात शेवटी सांगली. वाटेत हवा तापत येते. म्हणून निफाडला द्राक्षाच्या बागेत पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात, तेव्हा मिरजेत नुसता स्वेटर पुरतो. हवामान खात्याच्या निकषात मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं. साताऱ्यात हे अधूनमधून जमतं, सांगलीत फारच क्वचित. त्यामुळे 'राज्यात थंडीची लाट' ही बातमी वाचून आटपाडीत घाबरण्याचं कारण नसतं, हे माझं स्पष्ट मत.

आणि शेवटच्या टप्प्यात आपला स्वतःचा खेळ सुरू होतो. इथली रात्र थंड होते ती मुख्यतः जमिनीची उष्णता आकाशात निघून गेल्यामुळे. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर पारा झपाट्यानं उतरतो. ढगाचा एक थर आला की ती उष्णता परत खाली येते आणि रात्रीत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. हा ढग उत्तरेचा नसतो, तो समुद्राचा असतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर राज्यात चांगला गारठा होता. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण महाराष्ट्रावर आभाळ आलं, थंडी गायब. तेव्हा वर सायबेरियात काय चाललंय याला काही अर्थ नव्हता.

दोन्हीकडून एकदम माप पडलं ते डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला. अरबी समुद्रातला कमी दाब आणि वरून आलेली पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी यांची गाठ पडली आणि १-२ डिसेंबरला पश्चिम महाराष्ट्रात गार वाऱ्यासह धो-धो पाऊस झाला. द्राक्षबागांत फुलोऱ्यातल्या घडांना कुज लागली, पुढच्या अवस्थेतल्या मण्यांना तडे गेले, दावण्या हा बुरशीचा रोग पसरला. पुणे जिल्ह्यात उघड्यावरची शेकडो मेंढरं गारठून मेली. द्राक्षवाल्याला कोरड्या थंडीपेक्षा असं आभाळ जास्त मारतं. थंडी उशीर करते, आभाळ पीकच नेतं.

साताऱ्याच्या डोंगरात आणखी एक प्रकार. दरवर्षी वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दवबिंदू गोठतात, गाडीच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर चढतो आणि 'महाबळेश्वर शून्यावर' अशी बातमी लागते. वेधशाळेचा त्याच पहाटेचा आकडा मात्र बऱ्याचदा पाच-सात अंशांनी जास्त असतो. खोटं कुणीच बोलत नाही. वेधशाळेचा तापमापक माणसाच्या खांद्याच्या उंचीला, लाकडी पेटीत असतो; दव गोठतं गवताच्या पात्यावर. शिवाय थंड हवा जड असल्यानं उतारावरून घसरून तलावाच्या खोलगटीत साचते. एकाच गावात दोन हवामानं. स्ट्रॉबेरीवाल्यानं कुठल्या आकड्यावर विसंबायचं ते त्याच्या वाफ्याच्या जागेवर ठरतं.

राहता राहिला 'पोलर व्होर्टेक्स', म्हणजे ध्रुवावर पंधरा-वीस किलोमीटरच्याही वर हिवाळ्यात फिरणारं वाऱ्याचं प्रचंड चक्र. उरल किंवा स्कँडिनेव्हियातला ब्लॉक खालून वर लाटा सोडतो, कधीकधी त्यांनी हे चक्र खिळखिळं होतं आणि ध्रुवावरची वरची हवा काही दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापते. सरासरी दहा हिवाळ्यांत सहा वेळा हे घडतं. १२ फेब्रुवारी २०१८ च्या सुमाराला झालं आणि दोन आठवड्यांनी युरोप गारठला. या उलथापालथीचा परिणाम खाली उतरायला एक-दोन आठवडे लागतात, काही वेळा तो उतरतच नाही, आणि भारतापर्यंत येता येता फार विरलेला असतो. त्यामुळे 'ध्रुवावरचं चक्र फुटलं, महाराष्ट्रात हाडं गोठवणारी थंडी' असा मजकूर आला, तर मी तो पुढे पाठवत नाही.

हवामानबदलामुळे ब्लॉक वाढतायत का, असंही विचारलं जातं. ध्रुव जगाच्या मानानं जास्त वेगानं तापतो आहे, तेव्हा जेट मंदावेल, अधिक नागमोडी होईल आणि जास्त अडेल, असा विचार जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन व्हॅव्रस यांनी २०१२ मध्ये मांडला. तो गाजला खूप. पण तेव्हापासून दोन्ही बाजूंनी शोधनिबंध निघत आहेत आणि एकमत झालेलं नाही. ब्लॉक मुळात मोजके, व्याख्या अनेक आणि संगणकीय प्रारूपं त्यांची वारंवारता बरीच वर्षं कमीच दाखवत आली आहेत.

प्रारूपांचा हाच कच्चेपणा अंदाजातही दिसतो. ब्लॉक सुरू कधी होणार आणि मोडणार कधी, हे आधी सांगणं कठीण. एकदा तो नीट बसला की मधले दिवस मात्र बऱ्यापैकी ओळखता येतात. म्हणून भारतीय हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा जो विस्तारित अंदाज देतं, त्यात पहिल्या दोन आठवड्यांचं वजन धरावं आणि पुढचे दोन नुसते कल म्हणून वाचावेत. त्यातून मिळतो तो काळ: सलग थंडीचा आठवडा आहे की मधे विक्षोभ येतोय. अंश किती, हे मात्र दोन-तीन दिवसांच्या अंदाजावरून आणि आपल्या बागेतल्या तापमापकावरूनच कळतं.

घडांना कागद कधी बांधायचा, पहाटे ठिबक सोडायचं की नाही, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) दोन दिवस पुढे ढकलायचं का, हे निर्णय पाच-दहा दिवसांचे असतात आणि तिथं ही माहिती कामाला येते. ऑक्टोबर छाटणीची तारीख धरताना मात्र तिचा काही उपयोग नाही. छाटणीपासून पाणी उतरेपर्यंत अडीच-तीन महिने जातात आणि इतक्या लांबचा ब्लॉक आजच्या घडीला जगातलं कुठलंच प्रारूप दाखवू शकत नाही. त्यामुळे तासगावकडे जाणता बागायतदार सगळं रान एका तारखेला छाटत नाही. प्लॉट पाडतो आणि आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवून छाटणी करतो.